पांढरा कोळसा

१

जमनाबाई पौषातल्या थंडीत गेली, आणि दुपार व्हायच्या आत गावाने ठरवूनही टाकलं की तिला माझ्या काकीने विष घातलं. आमच्या सामळखेड्यात रस्त्यावरचा खड्डा बुजवायला वर्षं लागतात, पण निकाल लागायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही.

मी शहाद्याच्या कॉलेजात भूगोल शिकवते. रूपचंदकाकांचा फोन आला तेव्हा मी वर्गातच होते. "भूमिका, तू ये," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुरुषोत्तमनगरच्या वळणावर उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता. त्या खोळंब्यात मला जमनाबाईच आठवत होती. लहानपणी शेताच्या बांधावर तिने मला कडेवर घेऊन फिरवलं होतं. ती गेली याचं दुःख करायलाही मला धड सवड मिळाली नाही, कारण घरी पोचले तर अंगणात पोलिसांची गाडी उभी होती.

फौजदार करणसिंग गिरासे ओट्यावर बसले होते. माणूस सरळ, पण दमलेला. त्यांनी मला सगळं सांगितलं.

जमनाबाईचा मुलगा मगन रात्रपाळीला जातो. सकाळी तो घरी आला तेव्हा झोपडीचं दार लोटलेलं होतं. आई खाटेवर गोधडी पांघरून कुशीवर निजलेली. हाक मारली, हलवलं, तर अंग गार. अंगावर खूण नाही, तोंडाला फेस नाही. खाटेखाली एक स्टीलचा लोटा होता आणि त्यावर नाव कोरलेलं होतं, रूपचंद. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला शांतीकाकी त्या लोट्यातून ताक घेऊन जमनाबाईकडे गेली होती. ते नाल्यापलीकडच्या मजुरांच्या अख्ख्या वस्तीने पाहिलं होतं.

"आणि डालग्याखाली कोंबडी होती, तीही मेलेली," गिरासे म्हणाले. "उरलेलं ताक तिला पाजलं असणार, असं लोक म्हणतात. एक गोष्ट मात्र मला कळली नाही, मॅडम. बाईची नखं आणि तळवे लाल होते, मेंदी काढल्यासारखे. विषाने माणूस निळा पडतो असं ऐकलंय."

"तपासणीत काय ते कळेलच ना?"

"व्हिसेरा नाशिकला जाईल, उत्तराला महिने लागतील. तोवर वस्ती थांबेल का? संध्याकाळी प्रेत परत येतंय. त्याआधी काकींना ताब्यात घेतलं नाही, तर माणसं या घरावर येतील. नेलं, तर त्या सुटून आल्या तरी गावात खुनी म्हणूनच जगतील." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला दोन्ही नको आहे. तुम्हाला काही सुचलं तर संध्याकाळच्या आत सांगा."

२

गावाने एवढ्या लवकर विष का म्हटलं, त्याला कारण पऱ्हाट्यांचं होतं.

कापसाची शेवटची वेचणी झाली की वावरात वाळलेली झाडं उभी राहतात, त्या पऱ्हाट्या. आमच्याकडे ती उपटायला कोणी मजुरी देत नसे आणि कोणी मागतही नसे. वस्तीतल्या बाया लोखंडी चिमटा घेऊन यायच्या, वावर साफ करून द्यायच्या आणि पऱ्हाट्या घरी न्यायच्या. शेतकऱ्याला मोकळी जमीन, तिला वर्षाचं सरपण. आमचं वावर जमनाबाईचं, शेजारचं रुपाचं, असं ठरलेलंच होतं. हे कुठल्या सातबाऱ्यावर नव्हतं, पण मोडायची कोणाची छाती नव्हती.

मग गावाबाहेर हेमकांतचा कारखाना आला. पऱ्हाट्यांचा भुगा दाबून तो मनगटाएवढ्या जाड कांड्या करतो. त्यांना म्हणायचं पांढरा कोळसा, दिसतात मातकट. त्या बॉयलरमध्ये जळतात, दगडी कोळसा वाचतो, हवा सुधारते. वाईट काहीच नाही. मीही वर्गात हरित अर्थव्यवस्था शिकवताना हेच सांगते. फक्त कारखान्याच्या नकाशात पऱ्हाटीच्या जागी 'टाकाऊ' असं लिहिलेलं होतं, आणि ज्या बायांच्या चुली त्या टाकाऊवर पेटत होत्या त्या नकाशात कुठेच नव्हत्या.

यंदा काकांनी पऱ्हाट्या हेमकांतला दिल्या. जमनाबाई नेहमीप्रमाणे चिमटा घेऊन आली, तर वावरात यंत्र फिरत होतं. तिथे ती आणि काकी भर माणसांत भांडल्या. जमनाबाई म्हणाली होती, "इतला वरीस तुम्हनं वावर साफ करं, यंदा मन्हा चुल्हामा काय घालू?" आणि माझी काकी, जी मुंगीलाही बाजूला करून पुढे जाते, ती रागाच्या भरात बोलून गेली, "हिवमा मरी जा, पन मन्हा वावरमा पाय ठेवू नको."

त्याच थंडीत जमनाबाई मेली होती.

काकी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. तिच्यापुढे सकाळचा चहा साय धरून तसाच पडला होता.

"काकी, तू काहीतरी बोल. फौजदाराला सांग."

"काय सांगू, बेटा? मी बोलनी ते गावनी ऐकं. देवनी बी ऐकं व्हई." तिने पदराने डोळे पुसले. "मन्ही जीभच काळी."

"ताक घेऊन कशाला गेली होतीस?"

"चैन पडे ना. रातले गोधडीमा पडनू का ती याद ये. म्हटलं जाऊ, पाय धरू. गऊ. चुल्हा गार, एक काडी नही घरमा. मी रडनू, ती बी रडनी. ताक पिधं तिने मन्हासमोर. मी म्हटलं, सकाय काकाले सांगीसन पऱ्हाट्या धाडस."

"मग ती काय म्हणाली?"

काकीने आठवून सांगितलं, "म्हने, आते नको, बहीन. मन्हा मगननी सोय करेल शे."

"कसली सोय?"

"माले वाटनं गॅसनी टाकी भरी व्हई."

मी सकाळच्या पंचनाम्यातले फोटो गिरासेंच्या मोबाइलवर पाहिले होते. कोपऱ्यातली सरकारी टाकी रिकामी होती, तिच्यावर लुगडं वाळत घातलेलं होतं. चूल गार आणि टाकी रिकामी, मग मगनने केलेली सोय गेली कुठे?

३

मगन हेमकांतच्याच कारखान्यात कांड्या पाडायच्या यंत्रावर होता. म्हणून मी आधी तिथे गेले.

आवारात पऱ्हाट्यांचे डोंगर लागले होते, त्यांवर निळ्या ताडपत्र्या. हेमकांत आमच्यातलाच, माझ्याहून दोन वर्गांनी पुढे शिकलेला. बोलायला लागला की माहितीपत्रक वाचून दाखवल्यासारखं वाटतं. पण त्या दिवशी त्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, खरं सांगतो, मीसुद्धा तिला हाकललं होतं. खाली सांडलेला भुगा वेचायला आली होती. माल चोरीला जातोय महिनाभर, मला वाटलं तीच नेते. आता वाईट वाटतंय."

"काय काय चोरीला गेलं?"

"कांड्या. थोड्या थोड्या, पिशवीत मावतील एवढ्या. आणि ताडपत्र्या गेल्या दहा-बारा. वस्तीतलेच कोणीतरी. पण त्यांना त्या कांड्यांचा उपयोग काय? आमचा माल बॉयलरसाठी आहे, चुलीत तो लवकर पेटतही नाही." इथे त्याच्यातला विक्रेता जागा झाला. त्याने ढिगातली एक कांडी उचलून माझ्या हातात दिली. "वजन बघ. पऱ्हाटी भडकते आणि विझते, खेळ खलास. ही एकदा लागली की धूर जातो आणि आतून निखारा धरते. रात्री पेटव, पहाटे राखेत बोट घाल, भाजेल."

कांडी मी हातात फिरवली. तिच्यावर आडव्या भेगा होत्या. जराशी वाकवली तर तिच्या मुळ्यासारख्या गोल चकत्या पडल्या.

"मगन कसा आहे कामाला?"

"सोन्यासारखा. आईवर जीव फार. परवाच म्हणत होता, शेठ, मन्ही माय रातभर कुडकुडस."

मी गाडीत बसले. डोक्यात एक विचार आला होता आणि तो खोटा ठरावा असं मला मनापासून वाटत होतं. मी गिरासेंना फोन लावला आणि म्हटलं, "मला ती झोपडी बघू द्या. आणि मेलेली कोंबडी कोणी टाकून दिली नसेल तर तिची चोच उघडून बघा."

४

वस्ती नाल्यापलीकडे आहे. आम्ही पोचलो तेव्हा माणसं शहाद्याच्या रस्त्याकडे डोळे लावून बसली होती. मगन त्यांच्यात होता, गुडघ्यांत डोकं घालून.

झोपडीत शिरण्याआधी मी तिच्याभोवती एक फेरी मारली. कुडाच्या भिंती तुरकाठ्या आणि पऱ्हाट्या विणून केलेल्या असतात, वर शेणाचा लेप. मागची भिंत जागोजागी उघडी पडली होती. लेप फोडून आतल्या काड्या ओढून काढल्या होत्या.

"चोर आत शिरला की काय?" गिरासे म्हणाले.

"नाही. तिने स्वतःच काढल्यात." "सरपण नव्हतं ना, साहेब. घराची भिंत जाळून भाकरी केली तिने."

आतून ती भोकं झाकली होती. निळी ताडपत्री चारी भिंतींना खिळे मारून ताणून बसवली होती, पार जमिनीपर्यंत. दारालाही आतून तिचाच पडदा होता. मगन शहाणा कारागीर, त्याने एवढीशी फट ठेवली नव्हती.

मी खाली वाकले. खाटेच्या उशाजवळ सारवलेल्या जमिनीवर एक गोल डाग होता, घमेल्याच्या बुडाएवढा, करपलेला. चूल दुसऱ्या कोपऱ्यात होती. मग मी दाराशी भांडी घासायच्या जागी गेले. तिथे फुटक्या माठाच्या बुडात राख होती. ती आमच्याकडे कोणीही फेकत नाही, भांड्यांना लागते. वरची राख ताजी होती. मी बोटांनी ती बाजूला केली. पऱ्हाटीची राख पिठासारखी असते, फुंकली की उडते. या राखेत गोल चकत्या होत्या. हात लावल्यावर त्या मोडल्या.

"साहेब, कोंबडीचं काय?"

"पोट फाडलं नाही, पण चोचीत ताकबीक नव्हतं. पिसाखालची कातडी मात्र लालसर होती, बाईच्या नखांसारखी."

"कारण दोघींना एकाच गोष्टीने मारलं, आणि ते ताक नव्हतं." मी तिथेच उंबऱ्यावर बसले. "निखारा बंद जागेत जळत राहिला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. माणूस झोपेतच जातो आणि रक्त लालभडक होतं. म्हणून ती नखं तशी दिसत होती."

गिरासेंना पटत नव्हतं. "मॅडम, ही माणसं जन्मभर शेकोटीशेजारी झोपतात. आजवर कोणी मेलं नाही."

"पऱ्हाटीची शेकोटी. ती डोळा लागायच्या आत विझते आणि कुडातून वारं खेळत असतं. जमनाबाईला आगीची तीच सवय. तिने घमेलं बाहेर पेटवलं, धूर गेला तशी उशाशी आणून ठेवलं. आता ते विझेल असंच तिला वाटलं असणार. पण हे सरपण पहाटेपर्यंत जळतं, आणि वारं यायला कुडात फटच उरली नव्हती."

त्यांनी त्या करपलेल्या वर्तुळावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पंचनाम्याला मी आलो तेव्हा इथे घमेलं नव्हतं. ते उचललं कोणी?"

ते कोणी उचललं, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. आईजवळ सगळ्यांत आधी एकच माणूस पोचला होता.

तेवढ्यात शेजारच्या झोपडीतून रुपा बाहेर आली, कपाळाला फडकं बांधून. "भूमिकाताई, तुन्हाकडे डोकं दुखानी गोळी शे का? सकायथून मन्हं आन पोऱ्यास्नं डोकं ठणकी ऱ्हायनं. उलट्या बी व्हयन्यात." तिच्या उघड्या दारातून मला आतली निळी ताडपत्री दिसली.

५

रुपाला पोरांना घेऊन बाहेर उघड्यावर बसायला सांगून मी आधी घरी गेले. काकीला खरं कळायला हवं होतं, ती सुटली होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं तिच्या छातीवरचा धोंडा उतरेल. ती मात्र आणखीच खचली.

"मगनले सांगं का?"

"अजून नाही."

"त्याले सांगू नको, बेटा. मायले पोऱ्याना हातथून मरन उनं, हाई समजनं ते कसा जगी तो? माले लई जाऊ दे. मन्हं काय, पिकेल पान."

काका उठून आत आले. "शांती, काय बोलस तू?"

"खरं बोलस. पऱ्हाट्या आपन दिध्या. तिन्ही भित आपनच जाळी."

मला रडू आलं, आणि रागही. कोणाचा राग करायचा तेच कळेना. काकांनी आपल्याच वावरातला माल दिला होता. हेमकांतने परवाने घेऊन कारखाना काढला होता. मगनने आईसाठी मूठभर ऊब चोरली होती. गुन्हेगार शोधायला निघाले आणि हाती लागली ती सगळी आपापल्या परीने बरी माणसं.

"काकी," मी म्हटलं, "रुपाना घरमा बी तोच कोयसा शे. तिन्ही पोरं शेतस तठे. आज रातले हिव कालथून जास्त शे."

काकी उठली, पायांत चप्पल सरकवली. "मंग मी बी येस."

प्रेताची गाडी अजून आली नव्हती. काकीला बघताच माणसं उठली. मगन पुढे आला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"हाई बाईनीच मन्ही मायले मारं," तो गिरासेंना म्हणाला. "तुम्ही तिले मोकळी फिराडी ऱ्हायनात."

मी त्याला बाजूला, नाल्याच्या काठी नेलं. गिरासे मागे उभे राहिले.

"मगनभाऊ, घमेलं कोठे शे?"

त्याने मान खाली घातली. मग तो भडाभडा बोलला, ओझं टाकल्यासारखं. "नालामा टाकं. मी चोरी करी, साहेब. रोज डब्बानी पिशवीमा कांड्या लयी जाऊ, महिनाभर जमाड्यात. सकाय मायले तशी देखी आन माले भेव वाटना, शेठले समजी ते काम जाई. पन त्यानं काय? माले लई जा. माय दिनभर दुसरास्ना चुल्हासाठे झिजनी, आन सोतानी भित चुल्हामा घाले. मी कालच ताडपत्री लायी, कोयसा दिधा. काल पाळीवर जातांना ती म्हने, मगन, आज माले झोप लागी." त्याने बाहीने तोंड पुसलं. "तिन्ही शेवटली रात ऊबमा गयी. एवढंच मन्हं समाधान शे. ते कोनी लयी जावू नका."

गिरासेंनी तोंड फिरवलं. मी इतकी वर्षं वर्गात बोलते आहे, पण एक वाक्य उच्चारायला मला इतकं जड कधी गेलं नव्हतं. मी त्याचा हात धरला आणि सांगितलं. निखारा, ताडपत्री, कोंबडी, नखं, रुपाचं डोकं, सगळं सांगितलं. एकदाच त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

मग त्याने विचारलं, "तिले तरास व्हयना का?"

"नही. झोपमाच गयी ती. तिले समजनं बी नही."

"पन ऊब व्हती ना तिले?"

"व्हती," मी म्हटलं.

तो खाली बसला. रडला नाही. गिरासे हळूच म्हणाले, "कांड्यांची तक्रार माझ्याकडे लेखी आलेली नाही. मी अपघात लिहितोय." त्याने ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

"आणखी कोणाकोणाला हा कोळसा दिलास?" मी विचारलं.

त्याने वस्तीकडे बोट फिरवलं. "ज्यास्नी पऱ्हाट्या गयात, त्यास्ले, कालच. ताडपत्री बी मीच लायी." आणि मग आपण काय बोललो त्याचा अर्थ त्याला स्वतःलाच उलगडला असावा, कारण तो ताडकन उठला.

पहिलं दार रुपाचं होतं. माणसं मागून गोळा झाली. मगनने घमेलं बाहेर काढलं, दाराचा पडदा ओढून फाडला. रुपा विचारत होती, काय व्हयनं, काय करस? त्याने तिला सांगितलं. "मी दिधेल कोयसाथून मन्ही माय मरी गयी," तो म्हणाला, "रातले हाऊ घरमा ठेवू नको." माझ्या काकीकडे बघणारे डोळे खाली गेले.

मग दुसरं दार. तिथेही त्याला तेच सांगावं लागलं, पहिल्यापासून. वस्तीत दारं पुष्कळ होती आणि कोणालाही अर्धवट सांगून भागणार नव्हतं. पुढच्या दारात एक म्हातारी उभी होती, कानाने कमी. "काय म्हनस, बेटा? तुन्ही मायले काय व्हयनं?" मगनने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्याने पुन्हा प्रयत्न केला.

काकी गर्दीतून पुढे झाली आणि म्हातारीच्या कानाशी वाकली.

"मावशी, तो कोयसा बाहेर काढ. त्यावरच जमना गयी. पोऱ्याने मायले हिव लागू नही म्हनून आनेल व्हता. त्याले कोनी काही म्हनू नका."

मगनने तिच्याकडे पाहिलं नाही. तो आत गेला, घमेलं उचलून बाहेर ठेवलं आणि पुढच्या झोपडीकडे निघाला. दारापाशी पोचल्यावर मात्र तो थांबला, काकी येईपर्यंत.